परक्या घरातला अर्धा डाव

मी, खाली सही करणारी, वय बावीस वर्षे, व्यवसाय शिक्षण (नकाशाशास्त्र, पदव्युत्तर, वर्गात प्रथम), मूळची परदेशी, विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभरासाठी या देशात आलेली, सध्या मुक्काम यजमान मावशींच्या घरी, माडीवरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, मावशींचा मुलगा आणि त्याची मामेबहीण अशी तिघे प्रवासास निघालो. मुलास घरात गबाळ्या म्हणतात व ते योग्यच आहे. मामेबहिणीस चिमणी म्हणतात, कारण ती गप्प बसत नाही. गाडी गबाळ्याने चालवावी, सामान चिमणीने सांभाळावे आणि मार्ग मी ठरवावा, अशी वाटणी मी केली होती. वाटेत कोणासही पत्ता विचारायचा नाही, ही अट माझी होती. नकाशा जवळ असताना पत्ता विचारणे हा नकाशाचा अपमान आहे, असे माझे मत होते. आजही फारसे बदललेले नाही.

या गावी आम्ही दोन रात्रींसाठी एक रिकामे घर भाड्याने घेतले होते. निळे दार, दारापुढे तीन कुंड्या, मधल्या कुंडीखाली किल्ली, असे घरमालकाने फोनवर कळवले होते. मी दाखवलेल्या गल्लीत निळे दार होते, तीन कुंड्या होत्या आणि मधल्या कुंडीखाली किल्ली होती. सबब आम्ही दार उघडून आत गेलो. नकाशात चूक नव्हती. लागूनच्या गल्लीतही हुबेहूब तसेच घर बांधणाऱ्याच्या अंगी कल्पकतेचा अभाव आहे, हे येथे नोंदवून ठेवावे.

दारातच चिमणी म्हणाली होती, "अगं, खुंटीवर कोणाचा तरी कोट आहे. शेजारी विचारून येऊ का?"

त्यावर गबाळ्या म्हणाला, "नको गं बाई, हिचा नकाशा रुसेल."

घराची व्यवस्था समाधानकारक नव्हती. भिंतीवरील तसबिरी तिरप्या होत्या, भिंतीवरचे घड्याळ बंद होते, किटलीत क्षारांचा थर होता आणि एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. भाड्याचे घर असे ठेवणाऱ्यांविषयी मला आदर वाटत नाही. मी हे सर्व दुरुस्त केले. कोणी सांगितले नव्हते. अशी कामे सांगावी लागत नाहीत.

खिडकीजवळच्या मेजावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. मला बुद्धिबळ येते. पांढऱ्याचे दोन्ही उंट काळ्या घरांवर उभे होते. दोन उंटांपैकी एक काळ्या घरांवर चालतो व दुसरा पांढऱ्या, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. यावरून कोणा अडाण्याने सोंगट्या शोभेसाठी वाटेल तशा ठेवल्या आहेत, असा निष्कर्ष मी काढला. पांढरे दोन्ही घोडे व इतर काही सोंगट्या बाजूच्या डबीत होत्या. त्या काढून मी सर्व सोंगट्या नव्या डावाप्रमाणे आपापल्या जागी नीट लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत असताना एक वृद्ध बाई प्रवासाची बॅग घेऊन आत आल्या. त्या निवृत्त दंतवैद्य आहेत, हे पुढे कळले.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारले.

"आम्ही इथे भाड्याने उतरलोय. आपण?"

"मी इथे राहते."

मी म्हटले, "मग किटली अशी ठेवतात का?"

हे वाक्य मी बोलले, हे खरे आहे. चिमणीने कपाळावर हात मारला, हेही खरे आहे.

बाईंनी तसबिरी पाहिल्या, घड्याळ पाहिले, मग पट पाहिला आणि खुर्चीत बसल्या. "पट सोडून सगळ्या घराला हात लावला असतात तरी चाललं असतं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ठाण्यात फोन केला.

ठाणे अंमलदार येईपर्यंत बाईंनी सांगितले ते असे. त्यांची थोरली बहीण दर उन्हाळ्यात राहायला येते. दोघी कित्येक वर्षे एकच डाव खेळत आहेत. ती गेली की पट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो. पट ज्याच्या घरी, राखण त्याची. तो हलला तर राखणदार हरला, असा दोघींचा करार आहे. बहीण त्याच संध्याकाळी येणार होती.

मी उंटांचा मुद्दा काढला. बाई म्हणाल्या, "माझं प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं होतं. अशा वेळी हवी ती सोंगटी मागता येते. मी उंट मागितला."

"पण सगळे वजीर मागतात!"

"म्हणूनच."

उंटांचा मुद्दा मी मागे घेतला. असे क्वचित घडते.

ठाणे अंमलदारांनी समज दिली की, परक्या घरात शिरल्याचा गुन्हा नोंदवला गेल्यास विनिमय योजना मला वर्ष अर्धवट असतानाच परत पाठवील. मी घरी फक्त पहिल्या क्रमांकाच्या बातम्या कळवत आले आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "डाव होता तसा मांडून द्या. ताई दारात यायच्या आत. मग माझी तक्रार नाही."

मी डोळे मिटून आठवू लागले. डोळ्यांपुढे मी नीट लावलेला पटच येत होता.

तेव्हा गबाळ्याने खिशातून फोन काढला. पहिल्या दिवशी, मी पटाला हात लावण्याआधी, त्याने स्वतःच्या उष्ट्या बशीचा फोटो काढला होता. असले फोटो पुसून टाक, असे मी त्यास प्रवासात वारंवार बजावले होते. त्याने ते पुसले नव्हते. बशीमागे संपूर्ण पट दिसत होता. फक्त एक घर जॅमच्या बाटलीआड गेले होते. मी फोन त्याच्या हातून घेतला. तो बराच वेळ शीळ घालत होता.

मी फोटोवरून सोंगट्या मांडल्या. बाटलीआडचे घर तेवढे उरले. त्या घरात पांढरा घोडा असेल तर बहिणीचा राजा दोन खेळींत अडकतो, हे माझ्या लगेच लक्षात आले. बाईंच्याही आले असावे, कारण त्यांनी चष्मा पुसला.

"इथे माझा घोडा होता, नाही का?" त्या म्हणाल्या.

"ताईंना आठवत असेल," मी म्हटले.

"तिला माझा वाढदिवस आठवत नाही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी डबीतून घोडा उचलला व त्या घरात ठेवला. तोंड डावीकडे होते, ते मी सरळ केले. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. नकाशा सोडला तर." त्यांनी तक्रार मागे घेतली असून त्यांच्या बहिणीने आम्हा तिघांस रात्री जेवायला थांबवले आहे.

त्या घरात घोडा होता, असे मी सांगते.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. पांढरे दोन्ही घोडे डबीत होते या वाक्याशी ठाणे अंमलदार थांबले व त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना बुद्धिबळ येते की नाही, हे मी विचारले नाही. पुढे वाचा, असे म्हटले. त्यांनी पुढे वाचले. जबाब मी सांगितल्याबरहुकूम आहे व त्यात दुरुस्ती करावी असे मला वाटत नाही.

सही