तोंडाचा वास

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर एक क्रेनवाला आणि त्याची बायको नुकतेच डॉक्टरांकडून बाहेर येऊन बसले होते. बाईंनी मान वळवली नाही, पण कान काही मिटता येत नाहीत.

"डॉक्टर म्हणाले, अर्धशिशीचीच चक्कर आहे. डोकं न दुखताही येते."

"ऐकलं मी."

"म्हणजे दारू नव्हतीच."

"नव्हती."

"मग वास कसला यायचा? मी रोज दारातच बघायचे."

"चूळ भरायचो दारूची. गिळत नव्हतो."

"पण कशापायी?"

"प्यायलेल्याला साहेब शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रेनवर घेतात. चक्कर येणाऱ्याला कायमचं खाली उतरवतात."

"मला तरी सांगायचं होतंत."

"तू चढू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग?"

"पोरीने शपथ घातली, तेव्हा तरी सोडायचं होतंत."

"सोडलं होतं गं. तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला चूळ न भरताच आलो होतो. जिन्यात तोल गेला, तर सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा पिऊन आलाय."

"मीही तेच म्हणाले."

"हो."

"अहो, मला तर त्या दिवशी वासही आला होता."