हजेरीला माझा चेहरा पटेना

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या ऑफिसातल्या हजेरीच्या अ‍ॅपने मला ओळखच दाखवायचं सोडलं होतं. जुन्या अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की हजेरी लागायची. नवीन आलं ते चेहरा बघायला लागलं. त्याच्याकडे माझा रुजू झालो तेव्हाचा तरतरीत फोटो, आणि समोर गाझियाबादहून मेट्रोत दीड तास धक्के खात आलेला मी. हजेरी लागली नाही की अर्धी रजा कापली जाते. आठवड्यात अशा तीन गेल्या.

शेजारच्या टेबलावरचे सक्सेनाजी म्हणाले, "जोशीजी, पुराना वर्ज़न डाल लो यार. मेरे पास फ़ाइल पड़ी है."

नवीन काढलं, जुनं टाकलं. फोनने तीनदा विचारलं, यात धोका आहे, नक्की टाकायचं का? म्हटलं, टाक बाबा, आता आणखी काय व्हायचंय.

जुनं उघडलं तर पडद्यावर एकच ओळ: हे व्हर्जन बंद झालं आहे, अपडेट करा. केलं. तोवर माझी जुनी नोंद पुसली गेलेली. चेहरा नव्याने नोंदवा म्हणे. नोंदवला, त्याच दमलेल्या अवतारात.

तेव्हापासून रोज एका झटक्यात हजेरी. मग दिवाळीला साताऱ्यात आठ दिवस नुसता झोपून आलो. सोमवारी फोनसमोर उभा राहिलो, तर चेहरा जुळत नाही.

सक्सेनाजींनी मला नीट न्याहाळलं. "छुट्टी से आए हो ना? दो-चार दिन मेट्रो में धक्के खाओ, पहचान लेगा."