जर्मनच्या पत्र्याचं विमान

वसराम : जर्मनचं? म्हंजे आपल्या घरी पातेलं असतंय ते जर्मन?

नरसिंग : तेच. जरा उंची जातीचं अॅल्युमिनियम. रिबिटीच्या मागं ठोकळा बराबर धर.

वसराम : धरलाय. तुझ्या गव्हाच्या कोठीच्या तोंडातून माझा खांदा जात न्हाई नरसिंग, अर्धा मानूस बाहेर लटकून राहिला. अरे, आमच्या तांड्यावर जर्मनच्या पातेल्यावर म्हशीचा पाय पडला त त्याची परात झाली. अन् तुझी पोरगी साक्षी त्या पत्र्यात बसून आभाळात जानार?

नरसिंग : जानार न्हाई, गेली. तू तिकडं जीप नंबरला लावून राहिला होता तवा जावयाचा फोन आला. ऑस्ट्रेलियात आता सांज झाली. म्हनला, चाकं सुटली जमिनीची.

वसराम : अरे बाप! अन् तू हितं कोठी ठोकून राहिला?

नरसिंग : मंग काय करू? फाट्यावर उभा राहून वर बघू?

वसराम : संगं कोन हाय तिच्या?

नरसिंग : कोनी न्हाई. नवं विमान पहिल्यांदा वर जातं तवा दुसरा मानूस आत घ्यायचा न्हाई, तिथला नियम हाय. एक येढा घालायचा मैदानाला अन् उतरायचं. पाव घंटा म्हनली.

वसराम : वैनीला काय सांगितलं?

नरसिंग : तिला सांगितलं, तिथला एक जुना पायलट आज उडवून बघनार, साक्षी खाली उभी राहनार. मी तसंच म्हनलो होतो पोरीला. दे त्या म्हाताऱ्याला, त्यानं आधी उडवू दे. ऐकते व्हय? भागू भाकर घेऊन येईल आता. तू तोंड उघडू नको.

वसराम : म्या कशाला उघडतो. पन एक सांग. येवढा पगार हाय तिला, दवाखान्यात सिस्टर हाय, मंग तयार इमान घ्यायचं ना. सुटे भाग घेऊन घरामागच्या शेडमंदी काहून जोडत बसली? खाट हाय का ते?

नरसिंग : खाट मोडली त ढुंगन आपटतंय. हे मोडलं त आपटायला ढुंगन राहत न्हाई. म्हनून तर स्वतः जोडलं. म्हनली, बाबा, तयार घेतलं त आत काय हाय ते मला कंपनी सांगनार. मी जोडलं त मी कंपनीला सांगनार.

वसराम : लई तिखट पोरगी.

नरसिंग : खोक्यात आलं सगळं. पत्रे कातरलेले, नळ्या, तारा, चाकं. इंजिन येगळ्या खोक्यात. दोन मानसं बसतील येवढंच विमान. पन घ्यायच्या आधी तीन जागी फिरली. एक होतं कापडाचं.

वसराम : कापडाचं इमान?

नरसिंग : नळ्यांच्या सांगाड्यावर कापड तानलेलं. हलकं अन् सोपं. दुसरं फायबरचं, देखनं, नव्या मोटारीवानी. अन् तिसरं हे पत्र्याचं, चौकोनी, नाकाडं पुढं आलेलं. हिनं तिन्ही विमानं नखानं वाजवून बघितली.

वसराम : तू कोठी वाजवतो तसं?

नरसिंग : तसंच. इकनारा गोरा हसला म्हने. हिनं पत्र्याचं घेतलं. म्हनली, कापडाला उन्हात जपत बसावं लागतंय, अन् फायबर आतून चिरलं त मला समजनार न्हाई. पत्रा कुठं दुखून राहिला ते माझ्या हाताला लागतंय.

वसराम : लागनारच. ती तुझ्या कोठ्यांमंदीच वाढली. म्या पाह्यलं ना, येवढुशी होती. नवी कोठी झाली की तू तिला आत उतरवायचा, झाकन लावायचा, अन् बाहेरून वरडायचा...

नरसिंग : उजेड दिसतो का?

वसराम : अन् आतून आवाज यायचा, ‘डाव्या अंगाला, वर, सुईयेवढा!’ आम्ही फाट्यावरचे सगळे हसायचो. नरसिंगची कोठी बोलते म्हनायचो.

नरसिंग : विमानाचंबी तसंच केलं तिनं. आमी मागल्या साली तिच्याकडं गेलो तवाची गोष्ट. शेपटीचा भाग जोडून झाला, ही पालथी पडून आत शिरली. म्हनली, बाबा, शेडचा लाइट बंद करा अन् बाहेरून बॅटरी फिरवा. एक भोक राह्यलं होतं बिनरिबिटाचं. तिला आतून दिसलं. जावई बघतच राहिला. त्याला वाटलं, हे पुस्तकात लिहिलेलं हाय.

वसराम : जावई काय करतो बाकी?

नरसिंग : सैपाक करतो. ही शेडमंदी अन् दिपकराव चुलीपाशी. वरन चांगलं करतो.

वसराम : हे मातर फाट्यावर सांगू नको.

नरसिंग : का न्हाई सांगायचं? लाज कशाची? ठोकळा हालवू नको.

वसराम : म्या न्हाई हालवला. तुझा हातोडा तिरपा पडून राहिला.

नरसिंग : बहुतेक रिबिटा तिथं बंदुकीनं ओढायच्या असतात, मागून धरायला कोनी लागत न्हाई. पन पंखाच्या मधल्या दांडीला ठोकायच्या होत्या. ती हातोडीवर होती, ठोकळा म्या धरला. एक रिबीट थोडी कलली. येवढीशी. तिनं बरमा लावून काढून टाकली. म्या म्हनलो, अगं आतल्या अंगाला हाय, वरून पत्रा येनार, कोन बघतंय? म्हनली, मला म्हाईत झालं ना आता.

वसराम : तुझ्यावर गेली न्हाई मंग. तू असता त रंग मारला असता.

नरसिंग : माझं त आनखी ऐक. पत्र्यावर रेघ मारायची होती. म्या आपला खिशातला खिळा काढला अन् पट्टी धरून सर्रकन ओढली. आयुष्यभर तेच केलं. तिनं बघितलं अन् मटकन खाली बसली.

वसराम : काहून?

नरसिंग : त्या पत्र्याला ओरखडा चालत न्हाई. इंजिनाच्या थरथरीनं तिथूनच चीर जाती. म्हनली, बाबा, कोठी जागेवर बसते, विमान थरथरतंय. माझ्या हातातून खिळा घेतला अन् रंगाचा बारीक पेन दिला, लेकराला देतात तसा. तो पत्रा बाद. नवा मागवला, तो यायला महिना गेला.

वसराम : बोलली असंल चार शब्द.

नरसिंग : एक न्हाई. त्या बाद पत्र्याची आमी दोघांनी कोठी केली. लहानशी, तांदळाला. तिच्या सैपाकघरात हाय. येवढी चकचकीत कोठी म्या जन्मात केली न्हाई.

वसराम : हे ऐकायला पायजे त्या पानठेल्यावरच्यांनी. सकाळी एक जन म्हनून राहिला, पोरगी इमान उडवते म्हने, तिकडंबी आरक्षन हाय का?

नरसिंग : कोन म्हनला?

वसराम : जाऊ दे.

नरसिंग : जाऊ कशाला देऊ? सांग त्याला, इंजिनाला सर्टिफिकेट दाखवावं लागत न्हाई. वारा जात इचारत न्हाई, चुकलं त आपटतो, बराबर असलं त उचलतो. हे साले आपल्या गावात उभं राहून दुसऱ्याला खाली ढकलन्यातच म्हातारे झाले. ही कोठी कोनाची हाय म्हाईत हाय तुला? आप्पासाहेबाची. माझ्या हातची कोठी पायजे, पन घरी नेल्यावर आधी गोमूत्र शिंपडनार, मंग गहू भरनार. बापाच्या टायमाला तेच, आताबी तेच.

वसराम : हळू बोल.

नरसिंग : काहून हळू? माझी पोरगी वर हाय अन् म्या हळू बोलू?

वसराम : पाव घंटा झाला का रे?

नरसिंग : कवाच.

(फोन वाजतो.)

नरसिंग : हॅलो! साक्षी? ... कोन? ... आप्पासाहेब. ... व्हय, कोठी चालू हाय. ... न्हाई, आज न्हाई होत. ... आप्पासाहेब, फोन ठेवा. ... ठेवा म्हनलं ना! लाइन मोकळी पायजे मला!

वसराम : मेलास. गिऱ्हाईक गेलं.

नरसिंग : जाऊ दे मसनात. धर ठोकळा.

भागूबाई : कोनाला धाडून राहिले मसनात? रस्त्यापस्तोर आवाज येऊन राहिला.

वसराम : या वैनी. काही न्हाई, आमचं आपलं इमानाचं... कोठीचं चाललं होतं.

भागूबाई : ही भाकर घ्या. अन् ह्या रिबिटा काहून वाकड्या? एक, दोन... ही बघा, ही त पारच पडली.

नरसिंग : वसरामनं ठोकळा हालवला.

वसराम : म्या? कसम से वैनी...

भागूबाई : ऱ्हाऊ द्या भाऊजी. ह्यांचं ध्यान फोनवर हाय ते मला दिसतंय. गेली का वर?

नरसिंग : कोन?

भागूबाई : माझी सासू! साक्षी.

नरसिंग : ती कशाला जाईल? तो म्हातारा पायलट...

भागूबाई : म्हातारा-बितारा कोनी न्हाई. मला तिनं ऐतवारीच सांगितलं. म्हनली, आई, मीच जानार. बाबा तुला खोटं सांगतील, सांगू दे त्यांना, तेवढाच त्यांना आधार.

वसराम : घ्या!

नरसिंग : अन् तू तिला अडवलं न्हाई?

भागूबाई : अडवू? म्याच म्हनलं, जिनं रांधलं तिनंच आधी चाखावं. तुमी त्या म्हाताऱ्याला बसवायला निघाले होते. तो काय कोनाचं लेकरू न्हाई? आपल्या पोरीनं केलेलं दुसऱ्याच्या पोरानं काहून चाखून बघायचं?

नरसिंग : ती पाव घंटा म्हनली होती, भागू. आता अर्धा होत आला.

भागूबाई : बसा खाली.

नरसिंग : त्या दांडीचा ठोकळा म्या धरला होता. माझा हात हालला असंल त?

भागूबाई : तिनं काढली असती. तिला वाकडं सोसतंय व्हय? तुमी तिला अंधारात कोंडून इचारायचे, उजेड दिसतो का. तवा म्या दारात बसून डोळे पुसायची. तुमी काय म्हनायचे मला? तिला भ्या वाटत न्हाई, तुला वाटतंय. आज तुमी ऐका.

वसराम : वैनी, पानी हाय का?

भागूबाई : तांब्यात हाय. ह्यांनाबी द्या.

वसराम : माझ्या जीपचं दार दोरीनं बांधलंय. रोज पंधरा मानसं बसतात, कोनी दोरीकडं बघत न्हाई. अन् ही पोरगी तीन वरीस एकेक रिबीट बघत बसली. आज घरी गेलो की दार नीट करतो.

नरसिंग : गप बस.

वसराम : बसलो.

(फोन वाजतो.)

भागूबाई : उचला. उचला ना!

नरसिंग : हॅलो. ... व्हय. ... बोल. ... व्हय.

भागूबाई : काय व्हय?

नरसिंग : थांब गं! ... उतरली? ... तू बोलून राहिली ना, दिपकराव न्हाई? ... उतरली, भागू. उतरली.

वसराम : अरे शाब्बास! अरे वा रे वा!

नरसिंग : वसराम वरडून राहिला. ... मंग येवढा टाइम काहून? ... हां. ... हां.

भागूबाई : मोठ्यानं सांगा.

नरसिंग : उतरायला आली त आडवं वारं सुटलं. चाकं टेकायच्या आधीच सोडून दिलं अन् परत वर गेली. दुसऱ्यांदा आली, तवाबी मनासारखं वाटलं न्हाई. पुन्हा वर. तिसऱ्यांदा उतरली.

वसराम : दोन्ही टायमाला घाई न्हाई केली? म्या असतो त पहिल्याच खेपेला नाल्यात घातलं असतं.

भागूबाई : द्या इकडं. ... साक्षे. ... न्हाई, म्या कशाला रडू? तुझा बाप रडून राहिला. ... वरून काय काय दिसलं गं? ... काहीच न्हाई?

नरसिंग : काय म्हनते?

भागूबाई : म्हनते, खाली बघितलंच न्हाई. डोळे समोरच्या मीटरच्या काट्यांवर होते अन् कान पत्र्यावर.

नरसिंग : पत्रा काय म्हनला, इचार.

भागूबाई : इचारतात, पत्रा काय म्हनला? ... गप्प होता म्हनते. एकदाबी वाजला न्हाई.

नरसिंग : एकदाबी?

भागूबाई : एकदाबी न्हाई. ... बरं, ठेव बाई. जेव. दिपकरावानं काय केलं असंल ते खा.

वसराम : चला! आज चहा माझ्याकडून, सगळ्या फाट्याला. त्या पानठेल्यावाल्यालाबी पाजतो, नाक दाबून पाजतो.

नरसिंग : पाज. आधी तो बरमा दे इकडं.

वसराम : आता कशाला?

नरसिंग : ह्या तीन काढायच्या हायेत. वाकड्या बसल्या.

वसराम : आप्पासाहेबाच्या कोठीच्या? जो गोमूत्र शिंपडतो त्याच्या? राहू दे की. भोकातून उंदीर जाऊ दे आत. त्याचाच गहू खाईल.

नरसिंग : गहू त्याचा हाय. कोठी माझी हाय. दे बरमा.

भागूबाई : भाऊजी, सरका. तुमचा खांदा जात न्हाई आत. ठोकळा मी धरते.