समितीतला चौथी पास

हसू नका, एका मोठ्या इस्पितळाच्या समितीत मी खरंच आहे. नवीन औषध रुग्णांवर तपासायचं तर आधी आमची परवानगी लागते. अध्यक्ष आमच्या नाहूरच्या डॉक्टरीणबाई. पूर्वी आमच्या चाळीखाली त्यांचा दवाखाना होता, आता सरकारला आरोग्याची धोरणं लिहून देतात. त्या म्हणाल्या, "काका, समितीत एक साधा माणूस लागतो."

"मी चौथी पास आहे."

"म्हणूनच या."

पहिल्याच बैठकीत एका तरुण डॉक्टरने रुग्णांनी सही करायचा कागद मांडला. मी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "त्रास झाला तर या नंबरवर कधीही फोन करा, असं लिहिलंय. उचलतं कोण?"

"असतो आमचा माणूस. तुम्ही नका टेन्शन घेऊ, आजोबा."

मी तिथेच स्पीकरवर फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं सगळ्यांनी ऐकलं.

"छपाईची चूक आहे, मॅडम. परवानगी द्या, नंतर सुधारतो."

बाईंनी कागद परत सरकवला. "आधी सुधारा. काका फोन लावतील. उचललात तरच माझी सही."

रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी मी नवा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला, काका," तोच डॉक्टर म्हणाला, तोंडातला घास गिळत.