बाटलीवरचा नंबर

चहात ओवा टाकला असेल तर मला नको. ओवा म्हटलं की मला एक दुपार आठवते.

माकणीत मी सुगंधी तेलं विकायचे तेव्हाची गोष्ट. मला यात आणणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "खाली बायका जोडत जा, त्या पुढं जोडतील, तुम्ही जन्मभर बसून खाल." मी सातजणी जोडल्या. प्रत्येक बाटलीवर माझा नंबर चिकटवला.

एका दुपारी शेजारच्या सुभद्रामावशींनी हाक मारली. जीभ जड झालेली.

"सुमन, घसा लई जळतोय गं. झोप पन यायलीय."

"मावशी, काय खाल्लं तुम्ही?"

"तुझंच तेल. पोट दुखत हुतं. ओव्याच्या अर्कावानी चमचाभर घेतलं पाण्यात."

ते नीलगिरीचं तेल, नुसतं हुंगायचं. पोट दुखलं की आपल्याकडं घरोघरी अर्क पितात, हे मला ठाऊक होतं. तरी पिऊ नका म्हणून सांगायचं सुचलं न्हाय.

दवाखान्यात सलाईन लावून डॉक्टर म्हणाले, "वाचतील. पण हे तेल आणखी कुणाकुणाकडं आहे?"

मी तिथंच बसून सातजणींना फोन लावले. सगळ्यांचं एकच उत्तर, "आमी पुढं दिल्या की." पुढं म्हणजे कुणाला, त्यांनाही नीट सांगता येईना.

शेवटचा फोन ठेवला आणि अनोळखी नंबरावरून फोन आला. कोवळा आवाज होता, मागं लेकरू रडत होतं.

"ताई, बाटलीवर तुमचा नंबर हाय म्हणून इचारते. बाळाला कफ झालाय. तेल चमच्यात वतलंय. पानी घालून पाजू, का नुसतंच?"