एकादशीच्या गोळ्या

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनो, आणि दुष्काळी कामावरचा खाडा सोसून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. चार ओळी लिहून आणल्यात. सांभाळून घ्या. दहा दिवसांपूर्वी हृदय बंद पडून गेलेले डॉक्टर वामनराव तुमचे डॉक्टर होते, माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन नगरला आले तेव्हा ते शाळेत जात होते.

क्षयाच्या जंतूपायी या माणसानं उभा जन्म घातला. म्हणायचे, "वहिनी, हा जंतू भारी आळशी. नळीत पेरला की सहा-सहा आठवडे डोकं वर काढत नाही. आणि महारोगाचा जंतू, त्याचा भाऊबंद, तो तर नळीत उगवायलाच तयार नाही!" बरं, या जंतूचं खाणं काय? तर अंडं. एकदा भिंगारहून आणलेली अंड्यांची टोपली त्यांनी थेट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली. मी ओरडले, "भावजी, आपल्या घरात अंडी?" तर हात जोडून म्हणतात, "खाणारा मी नाही वहिनी, जंतू आहे. त्याला सोवळं नसतं."

हसा, हसा. त्यांना माणसं हसलेली आवडायची.

पण आज मला दुसरंच सांगायचंय. बरीच वर्षं पोटात ठेवलेलं.

आमच्या ह्यांना क्षय झाला होता. भावजींनी गोळ्या सुरू केल्या. रोज घ्यायच्या, जेवणावर घ्यायच्या. ह्यांच्या हातावर गोळ्या ठेवायचं काम माझं. हे कधी विचारत नसत. दिल्या की घ्यायच्या. ताप गेला, अंग धरलं. पण ह्यांचे उपास फार. सोमवार, एकादशी, संकष्टी. त्या दिवशी जेवण नाही, मग जेवणावरची गोळी कशी द्यायची? मी देत नसे. टाकूनही देववेना, औषधच ते. देवघरातल्या पितळी डबीत ठेवत गेले. खरं सांगते, मला त्यात वावगं वाटलं नाही. पुण्यच वाटलं.

पुढे खोकला उलटला. भावजींनी ह्यांचा बेडका नेऊन तपासला. औषध मिसळलेल्या नळीतसुद्धा जंतू वाढला. म्हणजे तो औषधाला दादच देईना. भावजी घरी आले ते उतरल्या चेहऱ्यानं. म्हणाले, "वहिनी, एखादी गोळी चुकली का?"

समोर देवापुढे समई तेवत होती. मी म्हणाले, "एकही नाही."

का म्हणाले? भीतीनं. ह्यांच्या दुखण्याला मी कारण, हे तोंडातून निघेना.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. औषधातच दोष आहे असं धरून चालले. पुन्हा नळ्या लावल्या. सहा आठवडे. परत सहा आठवडे. इकडे हे वाळत चाललेले. शेवटी एक दिवस भावजी म्हणाले, "उद्या मुंबईला लेख धाडतो. या औषधावर विसंबू नका, असं लिहिलंय." मग मात्र मला राहवेना. मी डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती उघडली. बोटानं गोळ्या सारल्या. मला वाटलं, आता काही माझी धडगत नाही. तर म्हणाले, "वहिनी, चूक माझी. गोळी चुकली का, असं विचारलं. तुमच्या घरात उपास किती, हे विचारलंच नाही."

लेख त्यांनी फाडला. ह्यांना दुसरी, कडक औषधं लावली. बरं व्हायला दोन वर्षं गेली. आणि त्या दिवसापासून भावजींच्या संशोधनाचं तोंडच वळलं. नळ्यांइतकंच ते तुमच्या घरांकडे बघू लागले. देवळाली प्रवराच्या एका आजोबांनी माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं, "डाक्तर, संकष्टीला गोळी चालती व्हय?" भावजी म्हणाले, "चालते. पाप लागलं तर माझ्या माथी." आजोबा म्हणतात, "मंग आमचं काय जातंय!"

तुमच्यापैकी कितीजणांचे त्यांनी आधी उपासाचे वार विचारले आणि मग छाती तपासली? खरं ना? ते हे कुणाकडून शिकले, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

ते भाऊ इथं पुढंच बसलेत. त्यांना हे आत्ता, तुमच्याबरोबर कळतंय. अहो, मान वर करा. घरी गेल्यावर रागवायचं तेवढं रागवा. ज्यांनी माझी चूक झाकली ते गेले. आता ती झाकून ठेवायचा मला हक्क नाही.

उद्या त्यांच्या खुर्चीवर नवे डॉक्टर येतील. तेही विचारतील, गोळी चुकली का. माझ्यासारखं उत्तर देऊ नका. एवढंच मागणं आहे.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. मध्येच कुणाला खोकला आला तर लाजून दाबू नका. पदर धरा, रुमाल धरा, पण खोका. त्या आवाजाला भावजी कधी कंटाळले नाहीत.