पोतेरं

नेरूळच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अबोली उपाशीपोटी आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर सारसोळ्याच्या दोन बायका बसल्या होत्या. त्यांचं बोलणं कानावर पडलंच.

"पुतळाकाकी, या पोरीच्या पाठीवर बघा. तुमच्या तेजसदादाचा असलाच टी-शर्ट व्हता ना?"

"हाच गं. हेच चौघं झिपरे गिटारवाले. कॉलेजात व्हता तवा अंगावरनं काढीतच नव्हता. भोकं पडली, म्हनून मी त्याचं पोतेरं केलं."

"मग चिडला असंल."

"चिडला असता तर बरं झालं असतं. मी त्यानंच लादी पुसत व्हते. त्यानं बघितलं नि जेवायला बसला. त्या दिवशी गिटार माळ्यावर गेली, ती खाली आलीच नाय."

"जाऊ द्या, जुनी गोष्ट ती."

"जुनी कशी? परवा नातीनं मॉलमधून तसलाच आनला. भोकं दुकानवाल्यानंच पाडलेली! बापाला विचारते, पप्पा, हा बँड तुम्हाला माहितीये?"

"काय बोलला दादा?"

"माझ्याकडं बघितलं नि बोलला, नाय गं, कोन हायत हे?"

अबोलीचा नंबर पुकारला. तिनं आधी सॅक पाठीवरच्या चौघा गिटारवाल्यांवर अडकवली, मगच उठली.